नोंदणी झाल्यानंतरची शाळा

भाचीबाई,

परवा फोनवर म्हणालीस, "मामा, काहीतरी शिकायला हवं असं वाटतंय, पण कोणता कोर्स करू आणि कधी, तेच ठरत नाही." ऑफिस चांगलं चालायला लागलं, हाताखाली मुलं आली, की हा प्रश्न पडायलाच हवा. कॉलेजात शिकलेलं दहा-बारा वर्षं पुरतं. पुढे नियम बदलतात, सिमेंट बदलतं, माणसांची राहणी बदलते, आणि आपण मात्र त्याच जुन्या डिटेलची कॉपी पुढच्या फाइलमध्ये चिकटवत राहतो. तू तशी आळशी नाहीस. पण पाच कोर्सची नावं काढून एकालाही नाव न नोंदवणं ही तुझी लहानपणापासूनची खोड आहे, म्हणून हे लिहून पाठवतोय.

माझ्या मते कोर्स एकाच कसोटीवर निवडावा: शिकलेलं महिन्याभरात तुझ्या एखाद्या चालू ड्रॉइंगमध्ये उतरेल का? उतरणार असेल तर फी वसूल झाली समज. एका बैठकीत सगळं वाचू नकोस, चहाबरोबर थोडं थोडं वाच.

निवडताना

१. ऑफिसात एक तक्रारवही ठेव आणि ताबा दिलेल्या घरांतून आलेला प्रत्येक फोन तिच्यात लिही – वर्षअखेरीला ती चाळलीस की कोणता कोर्स हवा ते दुसऱ्याला विचारावं लागणार नाही.

२. वहीत ओलीचे फोन जास्त असतील तर पहिला कोर्स वॉटरप्रूफिंगचा, पॅरामेट्रिक डिझाइनचा नंतर – संडास-बाथरूमच्या सनकेन स्लॅबमध्ये पाणी भरून दोन दिवस तपासलंय का, हे विचारणारी आर्किटेक्ट घरमालकाला आधी हवी असते. 'प्रमाणपत्र भिंतीवर आणि ओल छतावर' असं आपल्याकडे व्हायला नको.

३. शिकण्याचे तास आपणच मोजायला लाग – ब्रिटनमध्ये 'रिबा' या आर्किटेक्टांच्या संस्थेच्या सभासदाला वर्षाला ३५ तास शिकल्याची नोंद ठेवावी लागते. अमेरिकेत तशाच 'एआयए'च्या सभासदाला १८ तास, आणि त्यातले १२ आरोग्य, सुरक्षितता आणि लोकहित याच विषयांचे. आपल्याकडे तशी सक्ती रुजलेली नाही, म्हणून स्वतःची शिस्त स्वतःच लावायची.

४. रिबाची आणखी एक पद्धत उचलण्यासारखी आहे: त्यांनी दहा मुख्य विषय ठरवले आहेत आणि प्रत्येकाला निदान दोन तास द्यायचे असतात – माणूस आवडीच्या विषयाकडे आपोआप जातो, नावडत्याकडे त्याला ढकलावं लागतं. तुझ्या बाबतीत नावडता विषय म्हणजे करारनामे, हे मला ठाऊक आहे. तिथूनच सुरुवात कर.

५. माहितीपत्रकात अभ्यासक्रमाआधी शिकवणाऱ्याचं नाव बघ आणि त्याने बांधलेलं एखादं काम स्वतः जाऊन पाहा – ज्याच्या इमारतीने चार पावसाळे काढलेत, त्याच्या बोलण्यात काय टाळावं तेही येतं.

६. एका वर्षात एक मोठा कोर्स आणि दोन-तीन लहान, एवढंच पुरे – जास्त घेतलेस तर पानं भरतील, पण हात तेच जुनं काम करत राहतील.

वेळ साधताना

७. वर्गात बसून शिकायचे विषय जून ते सप्टेंबरमध्ये घे – नाशिक-कोकणाकडे पावसात खोदकाम आणि बाहेरचा गिलावा मंदावतो, तेवढी सवड मिळते.

८. हाताने करायचं शिक्षण, म्हणजे माती, चुना, बांबू, हिवाळ्यात घे – ओली भिंत वाळताना कशी वागते हे पावसाळी हवेत नीट कळत नाही.

९. दिवाळीआधीचा महिना, पाडव्याआधीचा महिना आणि मार्चअखेर कोरे सोड – घरमालकाला मुहूर्तावर ताबा हवा असतो आणि तुझा कान वर्गात असून साइटवर असतो.

१०. एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे चार, आठ आणि बारा आठवड्यांचे कोर्स जानेवारी आणि जुलैच्या सुमारास सुरू होतात, ते नजरेखाली ठेव – ऐकायला पैसे पडत नाहीत, परीक्षेला बसायचं असेल तरच फी भरायची. मात्र पहिला कोर्स चारच आठवड्यांचा घे. बारा आठवड्यांच्या कोर्सचा गृहपाठ सहाव्या आठवड्यात कसा राहून जातो, ते तुला सांगायला नको.

११. रोज रात्री अकराला शिकेन असं ठरवू नकोस. शनिवारची सकाळ धर – दमलेल्या डोळ्यांना व्हिडिओ दिसतो, विषय दिसत नाही.

नियम आणि संहिता

इथे जरा थांब, घाई करू नकोस. आर्किटेक्टची सही महाग असते ती याच भागामुळे.

१२. राष्ट्रीय इमारत संहितेची २०१६ची आवृत्ती दोन जाड खंडांची आहे. तिचा चौथा भाग, आग आणि जीवसुरक्षेचा, आधी वाच – बाकीच्या चुका पैशाने निस्तरतात, जिन्याच्या आणि बाहेर पडण्याच्या वाटांच्या निस्तरत नाहीत.

१३. भारतीय मानक ब्यूरोची मानकं आता त्यांच्या संकेतस्थळावरून बिनपैशाने उतरवता येतात, तेव्हा कुणीतरी कधीतरी काढलेली पुसट झेरॉक्स टाकून दे – जुन्या प्रतीत दुरुस्तीपत्रकं नसतात आणि मुलं तीच प्रमाण मानतात.

१४. यूडीसीपीआर, म्हणजे महाराष्ट्राची एकत्रित विकास नियमावली, २ डिसेंबर २०२०ला मंजूर झाली आणि तेव्हापासून तिच्यात दुरुस्त्या येतच आहेत. प्रत्येक दुरुस्तीची छापील प्रत तारखेसह एकाच फाइलला लाव – नियम बदलला सोमवारी, नकाशा अडला शुक्रवारी. मुंबईत काम मिळालं तर तिथे २०३४ची वेगळी नियमावली लागते, हे पहिल्याच बैठकीआधी बघून ठेव.

१५. नियमांवरची कार्यशाळा असेल तेव्हा स्वतःच्या एका चालू कामाचा नकाशा घेऊन जा आणि त्याच्यावरच प्रश्न विचार – उदाहरणातला प्लॉट नेहमी चौकोनी असतो, आपला कधीच नसतो.

१६. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६चा आहे आणि सुगम्यतेची एकत्रित मार्गदर्शक तत्त्वं २०२१ची. त्यांवरचा एक दिवसाचा वर्ग चुकवू नकोस – ८ नोव्हेंबर २०२४च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की सुगम्यतेची किमान मानकं बंधनकारकच हवीत, नुसत्या सूचना पुरणार नाहीत.

यातलं एक गणित आत्ताच करून बघ. रॅम्पचा उतार एकास बारा. तुझं जोतं साडेचारशे मिलिमीटर उंच असेल, तर नुसत्या उताराला ५.४ मीटर लांबी लागते, आणि वर-खाली चाकाची खुर्ची वळवायला सपाट जागा वेगळी. एवढी जागा काम संपत आल्यावर कुठून आणणार? मग दाराशी घसरगुंडी होते, तिच्यावर स्टीलचा कठडा लागतो आणि आजोबांना दोघे धरून वर चढवतात. हे ५.४ मीटर पहिल्या कच्च्या स्केचमध्ये बसले, की पायऱ्या, बाग, गाडीची जागा सगळं त्याभोवती सहज जुळतं. कोर्सचा उपयोग म्हणतात तो हा: आकडा परीक्षेत आठवण्यापेक्षा तो स्केच काढणाऱ्या हाताला आठवला पाहिजे.

१७. भूकंपाचा विषय स्ट्रक्चरल इंजिनिअरवर सोडून मोकळी होऊ नकोस – खाली सगळं पार्किंग मोकळं सोडून वर भिंती भरायच्या की नाही, हे इंजिनिअरच्या आधी आपण ठरवलेलं असतं. कानपूरच्या आयआयटीने आणि बीएमटीपीसीने काढलेल्या भूकंपविषयक टिपा फुकट मिळतात, छोट्या आहेत, चित्रं सुरेख आहेत. आठवड्याला एक वाच.

१८. स्तंभाच्या रिंगा स्वतः वाकून बघायची सवय लाव – २०१६च्या नकाशात नाशिक भूकंपाच्या तिसऱ्या क्षेत्रात येतं आणि तिथे रिंगेचा हूक १३५ अंशांत आत वळलेला हवा.

हा हूक एकदा नीट पाहून घे. फिटर घाईत असला की रिंगेची टोकं काटकोनात वळवून सोडतो. वरून बघणाऱ्याला रिंग पूर्ण दिसते. पण स्तंभ हेलकावायला लागला, बाहेरचं काँक्रीट सुटलं, की काटकोनातलं टोक उघडतं आणि उभ्या सळ्यांना धरायला कुणी उरत नाही. १३५ अंशांत वळवलेलं टोक आतल्या काँक्रीटमध्ये रुतून बसलेलं असतं, त्यामुळे ते सुटत नाही. फिटरला हे रागावून सांगू नकोस. बांधायच्या तारेची एक रिंग दोन्ही पद्धतींनी करून त्याच्या हातात दे आणि ओढायला सांग; एकदा हाताला कळलं की तो दुसऱ्या साइटवरही तसंच वाकवेल. ११ डिसेंबर १९६७चं कोयना आणि ३० सप्टेंबर १९९३चं किल्लारी आपल्याच महाराष्ट्रात झालं. किल्लारीत मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरची मातीची जड धाबी माणसांवर कोसळली. दगड आपल्याकडे चांगलाच होता. भिंतीच्या आरपार जाणारे जोडदगड आणि चारही भिंती एकत्र बांधणारे पट्टे नव्हते.

१९. इंटिरिअरची कामं घेतेस, तर आगीचा कोर्स तुझ्यासाठीही आहे – २९ डिसेंबर २०१७ला मुंबईत कमला मिल्सच्या गच्चीवरच्या आगीत १४ जणं गेली, आणि अशा जागी छताला काय लावलंय आणि बाहेर पडायची वाट कुठे आहे, हे इंटिरिअरच्या नकाशातच ठरतं. सोफ्याचं कापड निवडण्याआधी दार मोज.

२०. हॉटेल, दुकान, दवाखाना यांचं काम असेल तर ग्राहकाला जानेवारी आणि जुलैच्या अग्निसुरक्षा प्रमाणपत्राची, म्हणजे फॉर्म बीची, आठवण करून देत जा – यंत्रणा बसवली त्या दिवशी ती चालते. नंतर तिच्याकडे बघायला कुणीतरी लागतं.

२१. महारेराच्या फॉर्म १वर सही करण्याआधी साइटवर जा, प्रत्येक मजल्याचे फोटो तारखेसह ठेव – ग्राहकांच्या पैशांतले ७० टक्के वेगळ्या खात्यात असतात आणि तुझ्या, इंजिनिअरच्या व सीएच्या प्रमाणपत्रांवर ते बाहेर निघतात. या विषयावरचं अर्ध्या दिवसाचं सत्र कुठेही मिळालं तरी जा.

ऊन, वारा, वीज

२२. 'इको निवास संहिता' २०१८मध्ये आली. त्या आवृत्तीत भिंती-खिडक्यांतून घरात येणाऱ्या उष्णतेला दर चौरस मीटरला १५ वॅटची मर्यादा घातलीय. ते गणित एकदा हाताने सोडव – मग पश्चिमेच्या मोठ्या काचेला 'नको' म्हणताना आवाज चढवावा लागत नाही, आकडा पुढे करता येतो.

२३. हरित इमारतींच्या परीक्षा, आयजीबीसीच्या असोत की गृहच्या, तसं काम दारात आलं असेल तेव्हा दे – परीक्षेतलं ताजं असताना वापरलंस तर टिकतं.

हात मळवताना

२४. वर्षाला चार दिवस तरी हाताने काहीतरी बांध – विटेचं वजन माहीत असलेल्या माणसाचं डिटेल वेगळं येतं.

२५. मातीचं शिकायचं तर ऑरोव्हिलच्या अर्थ इन्स्टिट्यूटकडे जा. दाबून केलेल्या मातीच्या विटा, कमानी आणि घुमट यांवर तिथे आठवड्याआठवड्याचे वर्ग असतात – तिथे वीट पाडण्याआधी माती ओळखायला शिकवतात, आणि खरी विद्या तीच आहे. परत आलीस की नाशिकची काळी माती आणि मुरूम वेगवेगळ्या बाटल्यांत पाण्यात हलवून ठेव. रेती आधी खाली बसते, चिकणमाती पाणी गढूळ करून वर राहते, आणि कुठली माती भेगाळणार ते थर बघून कळायला लागतं.

२६. केरळात गेलीस तर तिरुवनंतपुरमला लॉरी बेकरांची कामं बघ, शक्य झालं तर तिथल्या केंद्रातलं शिबिर कर – काटकसर करूनही घर देखणं होतं हे फोटोत पटत नाही, आत उभं राहिल्यावर पटतं.

२७. जुन्या वाड्याचं काम हाती आलं तर आधी चुन्याची कार्यशाळा कर, मग दर सांग – चुना पाण्यात मुरायला दिवस लागतात, घाण्यात मळायला माणसं लागतात, आणि हे माहीत नसलं की वेळापत्रक पहिल्या आठवड्यातच कोलमडतं.

२८. वाड्याच्या माती-चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा द्यायला कुणी सुचवलं तर हात जोड – भिंतीतला ओलावा बाहेर यायची वाट बंद होते, आणि मग तो आतल्या बाजूने खपल्या काढत येतो.

२९. कार्यशाळेला जाताना जुनी चप्पल नको, बंद बूट घाल, आणि लिहायला वही ने, फोन नको – चुन्याच्या हाताने फोन धरता येत नाही. वही नेली त्याचा कोर्स खरा, वही विसरला त्याचा चहा खरा.

कंपन्यांची भाषणं

३०. कंपन्यांच्या सत्रांना जरूर जा, त्यांच्याकडे चाचण्यांची यंत्रं असतात आणि माणसंही जाणती असतात. फक्त माल कुठे वापरू नये, हा प्रश्न न विसरता विचार – त्याचं उत्तर नीट देणाऱ्या माणसाचा नंबर जपून ठेवावा.

३१. माहितीपत्रक हातात घे, पण मानकाचा क्रमांक त्यात शोध – प्लायवूडवर आयएस ७१० आणि आयएस ३०३ यांतला फरक कळला की स्वयंपाकघरातल्या सिंकखालचा फुगलेला खण पुन्हा बदलावा लागत नाही.

३२. सत्रात ऐकलेला नवा माल पहिल्यांदा स्वतःच्या ऑफिसात किंवा माझ्या गच्चीवर लाव – मामा तक्रार करेल, पण कोर्टात जाणार नाही.

संगणकाचं

३३. बिमचं सॉफ्टवेअर शिकायचं तर एका लहान बंगल्यावर शिक, आणि महापालिकेत नकाशा दाखल करायच्या महिन्यात अजिबात नको – नवी चूक आणि जुनी मुदत एकाच टेबलावर आली की सगळं ऑफिस रात्र जागतं.

३४. ऑफिसातल्या एकट्या हुशार मुलाला शिकायला पाठवू नकोस, दोघांना पाठव – एक सोडून गेला तरी विद्या ऑफिसात राहते.

परत आल्यावर

हा भाग सगळे गाळतात, आणि पैसे इथेच वाया जातात.

३५. कोर्सहून आल्यावर पहिल्या शनिवारी अर्धा तास सगळ्या ऑफिसला ते शिकव – सांगताना जिथे अडशील, तेवढंच तुला कळलेलं नसतं.

३६. शिकलेल्यातलं एक तरी डिटेल ऑफिसच्या ठरलेल्या पानावर काढ, खाली तारीख आणि संहितेचा क्रमांक टाक – नाहीतर सहा महिन्यांनी जुनंच डिटेल पुन्हा कॉपी होतं, आणि कॉपी करणाऱ्या मुलाचा त्यात काही दोष नसतो.

३७. गवंडी, सुतार, प्लंबर यांनाही वर्षातून एक दिवस शिकायला बोलाव, आणि त्या दिवसाची मजुरी दे – रोजंदारीवरचा माणूस खाडा करून शिकायला येणार नाही, त्याने यावं अशी अपेक्षाही धरू नये. गवंडी शिकला तर घर शिकलं.

३८. त्यांना शिकवताना त्यांच्याकडूनही विचारून घे – नाशिकच्या काळ्या दगडाचा कुठला चेहरा बाहेर ठेवायचा, हे मला एका म्हाताऱ्या पाथरवटाने सांगितलं, कुठल्या वर्गात ऐकायला मिळालं नाही.

३९. फीची पावती फर्मच्या नावाने घे आणि जीएसटी क्रमांक त्यावर आहे ना ते तिथेच बघ – मार्चमध्ये सीए विचारतो तेव्हा संस्थेचा फोन कुणी उचलत नाही.

४०. पुढच्या ग्राहकाला शिकलेलं दाखवायची घाई करू नकोस – त्याला हवं ते घर दे. चांगलं केलेलं डिटेल तो स्वतः पाहुण्यांना दाखवतो.

आता लगेच करायचं ते सांगतो. तक्रारवही उद्याच घाल. जुलैच्या कोर्समधला चार आठवड्यांचा एक निवड आणि नाव नोंदवलंस की मला कळव, नुसता विचार करतेय असं कळवू नकोस. करारनाम्यांच्या सत्राला आपण दोघं मिळून जाऊ, म्हणजे तुला पळता येणार नाही. आणि येत्या रविवारी घरी ये. संहितेचे दोन्ही खंड तुझ्यासाठी बाजूला काढून ठेवलेत, चौथ्या भागात माझ्या पेन्सिलच्या खुणा आहेत. त्या खोडू नकोस, त्यांच्या शेजारी तुझ्या कर. मामीने पुरणपोळीचा बेत केलाय, तेव्हा साइटवरून थेट ये, पण बूट बाहेर काढ.

तुझा,
मामा